केनेडी : शिरस्त्राणवाला की कुरूप डोक्याचा?

पानकोपरा : बाळांच्या नावांच्या पुस्तकाचा अनुवाद चालू आहे. ‘केनेडी’समोर मुळात ‘शिरस्त्राणधारी नायक’ आहे. आयरिश जाणणारे म्हणतात, ‘कुरूप डोक्याचा’. रकान्यात दोनच शब्द मावतात. काय लिहू?

धातुपाठ : मुळात हे आडनाव आहे. आधी ‘ओ’ लागतो, म्हणजे नातू किंवा वंशज. ज्याचे वंशज, त्या पुरुषाचं नाव जुन्या लेखनात ‘केनेतिग’. 1014 साली क्लोंटार्फच्या लढाईत पडलेल्या आयर्लंडच्या ब्रायन बोरू राजाच्या वडिलांचंही हेच नाव. ‘केन’ म्हणजे डोकं, इथवर वाद नाही. पुढे ‘एतिग’ धरलं तर कुरूप, ‘एदे’ धरलं तर पोशाख, चिलखत. जुन्या रूपातला शेवटचा ‘ग’ ‘एदे’ने सुटत नाही. म्हणून कुरूपच.

सोनचाफा : राजघराण्यात मुलाला असं नाव कोण ठेवील?

धातुपाठ : आपल्याकडे दृष्ट लागू नये म्हणून दगडू, धोंडू, केरबा ठेवतातच की.

सोनचाफा : ते मुद्दाम हलकं ठेवलेलं नाव. ‘कुरूप डोक्याचा’ हे टकले, बोबडे यांच्यासारखं वाटतं, लोकांनी पाडलेलं. दोन्ही एका मापाने मोजू नका.

वेलांटी : आणखी एक अडचण. अमेरिकेत हे आता मुलींचं नाव आहे. आयरिशमध्ये मुलीच्या आडनावात ‘ओ’ राहत नाही, ‘नी’ येतो आणि पुढचा ‘क’ घर्षक (हवा घासत उच्चारलेला) होतो. लग्नानंतर नवऱ्याचं आडनाव घेतलं तर ‘ई’. मुलीला ‘वंशज’ या अर्थाने केनेडी म्हणणं व्याकरणात बसत नाही.

रोजचीभाषा : पहिलं नाव झालं की आडनावाचं व्याकरण संपलं. आईबाप अर्थ बघून नाही, अध्यक्ष केनेडींचं नाव म्हणून ठेवतात.

वेलांटी : मग अर्थाचा रकाना छापताच कशाला? छापला तर खरा छापा.

सोनचाफा : ‘आयरिश’ एवढंही पुरेसं नाही. अध्यक्षांचे पणजोबा आयर्लंडमधल्या वेक्सफर्ड परगण्यातून अमेरिकेला गेले, पण स्कॉटलंडच्या एअरशरमध्येही केनेडींचं जुनं, मोठं घराणं आहे.

रोजचीभाषा : मराठी लेखनही तपासा. इंग्रजी उच्चार ‘केनडी’च्या जवळ जातो.

धातुपाठ : ‘केनेडी’ मराठीत रुळलंय, ते हलवू नका. शिवाय मूळ आयरिशमध्ये तिथे दीर्घ ‘ए’ आहेच.