मदत हवी आहे: कमी चालणाऱ्या गाडीचे इंजिन ऑइल कधी बदलावे?

माझ्या पेट्रोल गाडीच्या पुस्तिकेत इंजिन ऑइल दर १०,००० किलोमीटरला किंवा वर्षातून एकदा, यांपैकी जे आधी येईल तेव्हा बदलावे, असे नमूद केले आहे. गाडी मात्र वर्षाला जेमतेम ४,००० किलोमीटर चालते आणि बहुतेक फेऱ्या इतक्या छोट्या असतात, की इंजिन पुरेसे तापत नसल्यामुळे ऑइलमध्ये ओलावा आणि न जळालेले पेट्रोल साचत राहते. डिपस्टिकवर पातळी दोन खुणांच्या मध्ये असली तरी रंग काळसर झाला आहे, अर्थात, निव्वळ रंगावरून ऑइल निकामी ठरवणे मला पटत नाही (मेकॅनिक मंडळींना ते लगेच पटते!). ऑइल पूर्ण सिंथेटिक असताना ते सहा महिन्यांनीच बदलण्यात खरोखर फायदा आहे, की वर्षाची मुदत पुरेशी आहे? अशाच वापराचा अनुभव असलेल्यांनी कृपया कारणांसह सांगावे.