मुलांचं ‘उत्खनन’: इतिहासाची ओळख की वाळूतला खजिना?

कसबेकर

सुट्टी लागली की पुण्यात ‘उत्खनन करून पाहा’ छापाच्या कार्यशाळांचं पेव फुटतं. परवा भाचीला घेऊन अशाच एका ठिकाणी गेलो. प्लॅस्टिकच्या टबात वाळू, वाळूत नाणी, मणी, मातीच्या बाहुल्या आणि वर एक डायनासोरचं हाड. (डायनासोर आणि पुरातत्त्व यांचा काडीचा संबंध नाही. आयोजकांना तसं म्हटलं तर उत्तर आलं, “सर, मुलांना आवडतो.”) शिट्टी वाजली, पोरं तुटून पडली. सर्वांत जास्त वस्तू ज्याच्या हाती त्याला बक्षीस.

माझा आक्षेप बक्षिसाला आहे. वस्तू कुठे, कोणत्या थरात, कशाशेजारी होती हे गेलं की उरतो तो शोभेचा तुकडा. आपल्याच जिल्ह्यातलं इनामगाव घ्या. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात ही ताम्रपाषाणयुगीन, म्हणजे तांबं आणि दगड दोन्हींची हत्यारं वापरणाऱ्यांची, वस्ती खणली. घरांच्या जमिनीखाली लहान मुलांची दफनं निघाली: दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली, मूल आत. मडकी कुठे आणि कशी होती हे टिपलं म्हणून त्या आईबापांबद्दल आपल्याला काही कळतं. आमच्या टबात त्याचा हिशेब झाला असता: मडकी दोन, गुण दोन.

सुतळीने चौकोन आखा, वाळूऐवजी दोन-तीन रंगांच्या मातीचे थर द्या, हातात वही द्या. बक्षीस द्यायचंच तर नोंदीला द्या.

मिसळ_विदाऊट_शेव

अहो, सहा वर्षांच्या पोराला वही? वही आली की शाळा आली, आणि शाळा आली की पोरगं गेलं. आमच्या चिरंजीवांना एका संग्रहालयात नेलं होतं. “हात लावू नको”, “पळू नको”, “काचेला टेकू नको”. बाहेर पडताना त्याला फक्त पाण्याचा कूलर आठवत होता. वाळूच्या टबातून मात्र त्याला ओढून काढावं लागलं. आधी गोडी लागू दे, थर-बीर दहाव्या वर्षी शिकेल. आणि डायनासोरवर एवढा राग कशाला? त्या हाडामागे आलेलं मूल उद्या नाण्यापाशी थांबेल.

खापरी

या विषयात एम.ए. केलंय म्हणून लिहिते. मिसळ, गोडी खजिन्याची लागते हो, इतिहासाची नाही. दोन्ही वेगळ्या.

पण कसबेकर, तुमचंही सगळं पटत नाही. खणण्यावरच का अडलात? खऱ्या जागी मुलांना खणू देता येत नाही, परवाना लागतो आणि लागायलाच हवा. साइटवर निम्मा वेळ खापऱ्यांपुढे बसण्यात जातो. मुलांना तेच द्या.

कुंभारवेशीतून नक्षी काढलेली दोन-तीन नवी मडकी आणा. फोडा, तुकडे एकत्र कालवा, चार-पाच मुद्दाम काढून ठेवा. प्रत्येक घराला एक ढीग. आधी मऊ ब्रशने धुवायचे, सावलीत वाळवायचे, मग काठ, पोट, बूड असे वेगळे करायचे. काठाचा तुकडा मिळाला की खरी मजा: कागदावर कंपासने एकात एक वर्तुळं काढायची आणि तुकड्याची वक्रता ज्या वर्तुळाशी जुळेल तेवढं भांड्याचं तोंड. आम्ही साइटवर हेच करतो. बोटाएवढ्या खापरीवरून अख्ख्या रांजणाचा घेर निघाला की आठ वर्षांच्या मुलाचा चेहरा बघा. आणि काढून ठेवलेले तुकडे शेवटपर्यंत द्यायचे नाहीत. आम्हाला कोण देतं?

जमल्यास जोर्वे संस्कृतीची (इनामगावसारख्या ताम्रपाषाणयुगीन वस्त्यांतली) खापरी कुणा जाणकाराकडून दाखवून घ्या. लाल अंगावर काळी नक्षी, आणि टिचकी मारली की धातूसारखी वाजते. तो आवाज कुठल्याही टबात पुरता येत नाही.

शिरूरची_सून

शहरातल्या मुलांची गोडी कशी लागेल यावर छान चाललंय. आमच्याकडे काय होतं ते सांगते. जुन्या वस्तीच्या टेकाडाला गावात पांढरी म्हणतात. ती माती शेताला चांगली म्हणून ट्रॉल्या भरून जाते, त्यात खापऱ्या, मणी, सगळं जातं. दुसरीकडे गुप्तधनाच्या नादाने रात्री खणणारे आहेतच. ‘जमिनीत खजिना असतो’ हे आमच्या पोरांना कुणी शिकवायला नको, ते त्यांना येतं. जमिनीत दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं, हा १८७८ चा कायदा आजही आहे. तो किती आईबापांना माहीत आहे?

कार्यशाळा पुण्यात, फी पुण्याची, आणि टेकाड आमच्या दारात! मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची फिरत्या संग्रहालयाची बस २०१५ पासून शाळांच्या दारात जाते. तसं काही जिल्हा परिषदेच्या शाळेत आणा, मग टब की वही ते भांडू.

सदाशिवपेठी_आजोबा

खणायचं कशाला? केळकर संग्रहालयात नातीला घेऊन जा आणि एकाच अडकित्त्यासमोर पंधरा मिनिटं उभे राहा. सुपारी कुठे ठेवायची, बोट कुठे, धार कुठल्या बाजूला. चित्र काढायला लावा. घरी आल्यावर पणजीचा अडकित्ता असेल तर तिच्या हातात द्या, सुपारी तुम्ही धरा.

नाहीतर जंगली महाराज रस्त्यावर पाताळेश्वरला चला, आठव्या शतकातलं लेणं आहे. एवढंच विचारा: इथला काढलेला दगड गेला कुठे? नात अजून त्याच्यावर तर्क लढवते आहे. आईबापांनी मात्र पाच मिनिटं गप्प बसावं. या कार्यशाळांत खुरपं पोराच्या हातात आणि उत्खनन बापाचं, असं चित्र मी पाहिलंय.

मिसळ_विदाऊट_शेव

पंधरा मिनिटं, एका अडकित्त्यासमोर! काका, तुमची नात वेगळ्या मातीची दिसते.

शिरूरच्या ताई, तुमचं म्हणणं बिनतोड आहे, त्यावर मी वाद घालत नाही. खापऱ्या धुवायलाही पोरगं पाठवतो, पाणी असेल तर ते स्वतःहूनच येईल. पण खापरीताई, ढिगात एक तरी नाणं टाका की.

खापरी

टाकते. पण कुठल्या मडक्यात होतं ते सांगता आलं तरच ते त्याचं.

कसबेकर

आणि तेही वहीत लिहून.

मिसळ_विदाऊट_शेव

झालं, आली शाळा!