एकच विद्यापीठ, तीन याद्या, तीन क्रमांक: मुलीने काय बघायचं?

रेवती_क
नमस्कार मंडळी. मुलीला संख्याशास्त्रात मास्टर्स करायला अमेरिकेत जायचंय. तिला रस आहे नमुना पाहणीत (थोड्या लोकांना विचारून सगळ्यांबद्दल अंदाज बांधायचा, ते शास्त्र). अर्ज सगळे सरकारी विद्यापीठांनाच केले होते. दोन प्रवेशपत्रं आली आहेत, एक आयोवा स्टेटचं, दुसरं क्रमवारीत बरंच वर असलेल्या विद्यापीठाचं (नाव देत नाही). तिच्या बाबांचं म्हणणं, वरचंच घ्यायचं, पुढे नाव उपयोगी पडतं. ती आयोवावर अडून बसलीये.

मी याद्या बघायला बसले तर डोकंच गरगरलं. उदाहरणार्थ बर्कली, कॅलिफोर्नियातलं सरकारी विद्यापीठ. २०२३ साली निघालेल्या क्रमवारीच्या याद्यांत ते शांघाय आणि क्यूएस या जागतिक याद्यांत ५वं आणि १०वं, तर यूएस न्यूजच्या फक्त अमेरिकेपुरत्या यादीत १५वं. क्यूएसच्या आदल्या यादीत तर ते २७वं होतं! वर्षभरात एवढं काय बदलतं?

मध्यक
रेवतीताई, मी संख्याशास्त्रच शिकवतो, आणि क्यूएस प्राध्यापकांकडून विद्यापीठांबद्दल मतं मागवतं तो नावलौकिकाचा फॉर्म मीही भरलाय, म्हणून सविस्तर लिहितो.

बर्कली होतं तिथेच होतं, क्यूएसने तागडी बदलली. विद्यार्थी-शिक्षक प्रमाणाचं वजन २० टक्क्यांवरून १० वर आणलं, प्राध्यापकांमधल्या नावलौकिकाचं ४० वरून ३० वर, आणि शाश्वतता वगैरे नवे निकष घातले. प्रचंड विद्यार्थीसंख्या असलेल्या सरकारी विद्यापीठाला पहिला बदल सोयीचाच. फ्रान्समध्ये तर २०१९ साली पॅरिस-स्यूद विद्यापीठ शांघायच्या यादीत ३७वं होतं. पुढच्या वर्षी ते इतर संस्थांसह पॅरिस-साक्ले झालं आणि थेट १४व्या क्रमांकावर आलं. फळ्यासमोरचे गणिती तेच!

आता तो फॉर्म. आपला विषय निवडायचा आणि त्यात उत्तम संशोधन करणाऱ्या संस्थांची नावं भरायची. रात्री जेवण झाल्यावर बसलो. पहिली पाच-सहा नावं झरझर आली: जिथे शिकलो ते, जिथे मित्र आहेत ते, ज्यांचे पेपर नेहमी वाचतो ते. मग हात थांबला. तिथे मास्टर्सच्या मुलांना कोण शिकवतं, त्यांचे प्रकल्प कोण तपासतं, मला काडीची कल्पना नव्हती, आणि फॉर्म ते विचारतही नव्हता. शिवाय उत्तरं देणारे यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठ्या टाकून काढावेत तसे, निवडलेले नसतातच. लेकीला विचारा, अशा नमुन्याबद्दल ती काय म्हणते.

शांघायच्या यादीत ३० टक्के वजन नोबेल आणि (गणितातल्या) फील्ड्स पदकांना आहे. संख्याशास्त्राला नोबेलच नाही, मग तिच्या विभागाबद्दल ती यादी काय सांगणार?

आयोवाला १९३३ साली जॉर्ज स्नेडेकर यांनी संख्याशास्त्राची प्रयोगशाळा उभी केली, अमेरिकेतल्या विद्यापीठांत तशी पहिलीच. शेतीच्या प्रयोगांची आकडेमोड करता करता विषय तिथे रुजला. गर्ट्रूड कॉक्स यांनी १९३१ साली तिथूनच संख्याशास्त्राची मास्टर्स मिळवली, आणि पुढे नॉर्थ कॅरोलायना स्टेटचा विभाग त्यांनी घडवला. एकूण याद्यांत ही दोन्ही विद्यापीठं बरीच खाली सापडतात. पण आमच्या विषयातल्या कुणालाही विचारा, पहिल्या दमात ही नावं येतील. नमुना पाहणीसाठी तर आयोवा फारच चांगलं. मी तिच्या जागी असतो तर दोनदा विचार केला नसता.

सुमेध_प्र
मध्यक सरांचं पटलं, तरी बाबांचा मुद्दा अगदीच मोडीत काढू नका. ब्रिटनने २०२२ साली नव्या पदवीधरांसाठी एक व्हिसा आणला, त्यात सुरुवातीला अटच होती की विद्यापीठ क्यूएस, टाइम्स आणि शांघाय यांपैकी किमान दोन याद्यांत पहिल्या ५०मध्ये हवं. तिथे विभाग कोण विचारतो? पुढे तिकडे जायचा विचार असेल तर हे आजच हिशेबात धरा. शिवाय सरकारी विद्यापीठांतही परराज्यातल्या आणि परदेशी मुलांना फी जास्त पडते. असिस्टंटशिप (विभागात काम करून खर्चाला मिळणारी मदत) कोण देतंय, ते दोन्हीकडे लेखी विचारा.

रेवती_क
दोघांचे मनापासून आभार. ब्रिटनचा विचार नाही. मध्यक सरांचा प्रतिसाद ह्यांना मोठ्याने वाचून दाखवला. ऐकून म्हणाले, त्या दुसऱ्या विभागात नमुना पाहणीवर काम करणारे किती जण आहेत ते मोजून सांग. लेकीने विभागाच्या पानावरची सगळी नावं एकेक उघडून पाहिली. दोघे निघाले, त्यातले एक निवृत्त. हे बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, आयोवाच्या असिस्टंटशिपचं पत्र आजच लिहायला घे.