ईएसलिंटचा कस्टम रूल लिहितोय, प्रोटेक्टेड मेथडपाशी अडलोय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,
आमच्या जुन्या टाइपस्क्रिप्ट कोडमधे ढीगभर मेथड अशा आहेत की आत एकच ओळ, रिटर्न सुपर.सेव्ह(डेटा), म्हणजे पॅरेंट क्लासचीच सेव्ह बोलवायची, आणि मेथडचं नावही सेव्हच. काढून टाकली तरी काही बिघडत नाही, पण नवीन आलेला माणूस तिथे अडकतो, इथे काहीतरी वेगळं होत असणार म्हणून पॅरेंट क्लास उघडतो, त्याचा पॅरेंट उघडतो आणि हाताला काहीच लागत नाही. ईएसलिंटचा (कोड न चालवता त्यातल्या खटकणाऱ्या जागा दाखवणारं टूल) नो-यूसलेस-कन्स्ट्रक्टर हा रूल फक्त कन्स्ट्रक्टर बघतो, रुबीवाल्यांच्या तशाच टूलमधे, रुबोकॉपमधे, मेथडसाठीही रूल आहे, म्हणून तसाच आपल्याकडे लिहायला घेतला.

एएसटीतला (कोडचं झाडासारखं रूप) मेथडडेफिनिशन नोड धरतो, बॉडीत एकच रिटर्न, त्यात सुपरवर त्याच नावाचा कॉल आणि पॅरामीटर जसेच्या तसे त्याच क्रमाने पुढे, एवढं जमलं की वॉर्निंग. रिटर्न नसेल तर सोडून देतो, कारण पॅरेंट काही परत देत असेल तर ते इथेच गळून जातं. डीफॉल्ट व्हॅल्यू, असिंक, डेकोरेटर असलेल्याही सोडल्या. गेटरने (प्रॉपर्टी वाचताना चालणारी मेथड) मात्र चांगलंच फसवलं होतं, सबक्लासमधे नुसता गेटर लिहिला की पॅरेंटचा सेटर (प्रॉपर्टीला व्हॅल्यू देताना चालणारी मेथड) झाकला जातो, त्यामुळे दिसायला फालतू असला तरी काढला की वागणं बदलतं. आता गेटर-सेटरला हातच लावत नाही.

खरी अडचण पुढे आहे. पॅरेंटमधे मेथड प्रोटेक्टेड (क्लास आणि सबक्लासच्या आतूनच वापरता येणारी) आहे आणि सबक्लासमधे पुढे काहीच न लिहिता ओव्हरराइड केलीये, तर टाइपस्क्रिप्ट तिला पब्लिक धरतं. म्हणजे ती मेथड फक्त दार उघडायला लिहिलेली असू शकते! माझ्या ऑटोफिक्सने (रूल स्वतःच कोड बदलतो ते) अशी एक उडवली आणि बाहेरून कॉल करणाऱ्या फाइलींत कंपाइल एरर आले. रूलला एएसटी मिळतो तो चालू फाइलचाच, पॅरेंट बसलाय दुसऱ्या फाइलमधे.

पार्सर सर्व्हिसेसमधून टाइपस्क्रिप्टचा टाइपचेकर (इतर फाइलींतले टाइपही ओळखणारा भाग) घेऊन गेटबेसटाइप्सने पॅरेंटपर्यंत पोचलोय, पण त्या मेथडचा मॉडिफायर (पब्लिक की प्रोटेक्टेड ते) नेमका कुठून वाचायचा? आजोबा क्लासमधे डिक्लेअर झालेली असेल तर वेगळं काही करावं लागतं का? आणि टाइप इन्फो चालू केली की लिंट बराच हळू होतो, प्रत्येक कमिटला ते परवडणारं नाही, तर ऑटोफिक्स काढून नुसतं सजेशन (माणसाने निवडलं तरच होणारा बदल) द्यावं का? माझा कल तिकडेच आहे, पण सजेशन कोणी उघडून बघत नाही ही भीती वाटते. कोणी असा रूल मोठ्या कोडबेसवर चालवला असेल तर प्लीज सांगा.