न्यूरोइन्फर्मेटिक्स: आधी राष्ट्रीय सेंटर, की आधी डेटा नीट ठेवायची सवय?

वैदेही_पुणे: मेंदूच्या एमआरआयवर पीएचडी करतेय, तिसरं वर्ष. न्यूरोइन्फर्मेटिक्सचा विषय निघाला की आपल्याकडे पहिली मागणी येते ती 'एक राष्ट्रीय सेंटर काढा' ही, आणि मला ते अजिबात पटत नाही. मेंदूचा डेटा असा ठेवायचा की अनोळखी लॅबलाही तो उघडता, तपासता, परत वापरता आला पाहिजे, हा या विषयाचा गाभा. मला एका लॅबकडून ४० स्कॅन मिळाले, पेन ड्राइव्हवर. फोल्डरांची नावं 'न्यू', 'न्यू फायनल', 'सरांना दाखवलेलं'. वय कुठे वर्षांत, कुठे जन्मतारीख, कुठे नुसतं रिकामं, आणि माणूस डावखुरा की उजवा हे तर कुठेच लिहिलेलं नाही. अडीच महिने निस्तरण्यात गेले. बिड्स नावाची फाइली लावायची पद्धत २०१६ पासून सगळ्यांना फुकट उपलब्ध आहे, ती वापरायला सेंटर कशाला लागतं?

समीर_नाशिक: लागतं. मी कॉलेजात फिजिक्स शिकवतो. १९८८ साली नारळीकर सरांनी पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभी केली ती मुळात विद्यापीठांसाठी, म्हणून आमच्यासारखे मास्तर सुट्टीत तिथे जाऊन राहू शकले, लायब्ररी वापरली, ओळखी झाल्या आणि परत येऊन पोरांना प्रोजेक्ट देता आले. मेंदूच्या बाबतीत मानेसरला एनबीआरसी हे मेंदू संशोधन केंद्र आहे, बंगळुरूला मेंदू आणि मानसिक आजारांची निमहान्स संस्था, मद्रास आयआयटीने तर २०२४ मध्ये गर्भातल्या मेंदूचा 'धरणी' ॲटलास, म्हणजे बारीक तपशिलांचा नकाशा, ५१३२ छेदांच्या चित्रांसकट खुला केला, सगळं मान्य. पण जळगावच्या एमएस्सीच्या मुलीने कोणाचं दार वाजवायचं? सवय हवेत लागत नाही ताई, चार माणसं एका टेबलाशी बसली की लागते.

डॉ_नीलिमा: दोघंही पेशंटला विसरताय. मी रेडिओलॉजिस्ट. ताऱ्याची परवानगी घ्यावी लागत नाही, माणसाची घ्यावी लागते. डोक्याच्या एमआरआयमधून चेहरा परत उभा करता येतो, नाव काढून टाकलं म्हणजे झालं असं नाही, चेहऱ्याचा भाग पुसावा लागतो. परवाच एका आजींच्या मुलाने विचारलं, "आईचा फोटो बाहेर जाणार नाही ना?" संमतीपत्र इंग्रजीत चार पानी, त्यातलं त्याला काय कळणार? २०२३ चा डेटा संरक्षण कायदा आलाय, आणि तुम्ही शेअर करा म्हणताय.

वैदेही_पुणे: नीलिमाताई, मग बंद करून ठेवायचं का? हैदराबादच्या ट्रिपल आयटीने २०१९ मध्ये १०० जणांच्या स्कॅनवरून भारतीय मेंदूचा ॲटलास केला तेव्हा दिसलं की आपला सरासरी मेंदू उंची, रुंदी, आकारमानात पाश्चात्त्य मेंदूपेक्षा लहान आहे. म्हणजे परदेशी साच्याशी ताडून बघताना निरोगी माणूससुद्धा आजारी वाटायची भीती. हे १०० जणांनी होकार दिला म्हणून कळलं.

अनिकेत_कोड: मला कोणाचंच पूर्ण पटलेलं नाही. जागा आहे, फरीदाबादला जीवशास्त्राच्या डेटाचं केंद्र २०२२ मध्ये सुरू झालं. माणूस नाहीये. फाइली लावणाऱ्याला लॅबमध्ये सहा-सहा महिन्यांचं कंत्राट, पेपरवर नाव नाही, तो शिकतो आणि आयटीत निघून जातो. मीच गेलो. कायमची पोस्ट द्या, नाहीतर सवय आणि सेंटर दोन्ही कागदावरच राहणार.

समीर_नाशिक: पोस्ट मंजूर करायला तरी कुठलीतरी संस्था लागेलच ना?

वैदेही_पुणे: आहेत त्याच संस्थांनी द्याव्यात की, दहा ठिकाणी एकेक. नवीन बिल्डिंगची वाट बघण्यात माझ्यासारख्यांच्या दोन बॅच निघून जातील. माझे ते ४० स्कॅन आता बिड्समध्ये लावून झालेत, चेहरे पुसलेत, पण मूळ संमतीत पुढे द्यायची परवानगीच नाही म्हणून ते माझ्या हार्ड डिस्कवरच पडून राहणार.

डॉ_नीलिमा: हेच तर सांगतेय. आमच्याकडे मराठी संमतीपत्राचा एकपानी मसुदा केलाय, 'पुढे दुसऱ्या संशोधनाला द्यायचं का' यासाठी वेगळा रकाना ठेवलाय. अजून एथिक्स कमिटीपुढे जायचाय. वाचून काय खटकतं ते सांगशील?