‘व्हिलेज रॉकस्टार्स’: मधली दहा मिनिटं कापायला हवी होती का?

रिळवेडा
रीमा दास यांचा हा आसामी चित्रपट (2017) मला मनापासून आवडतो. पण लेखन, दिग्दर्शन, छायाचित्रण, संकलन सगळं एकटीने केल्याचं कौतुक मला अर्धंच पटतं. धुनू या खेड्यातल्या लहान मुलीला खरी गिटार हवी आहे, हा कथेचा कणा. तो मध्यावर सुटतो. झाडं, पाऊस, पोरांचे खेळ येत राहतात. चित्रपट 87 मिनिटांचाच आहे. वेगळा संकलक असता तर दहा मिनिटं नक्की गेली असती. स्वतः टिपलेल्या दृश्याला कात्री लावणं जड जातं.

कात्री
साफ चूक! आसाममधल्या छयगावात चित्रीकरण तीनेक वर्षं चाललं. एवढ्या काळात मुलांची उंची वाढते, दात बदलतात, आवाज बदलतो. कथा घट्ट बांधली की एकाच दिवसाच्या दोन दृश्यांत मुलगी दोन बोटं उंच दिसते आणि जोड उघडा पडतो. त्यावर उपाय म्हणजे दिवसांऐवजी ऋतूंना धरून जोडणं. ती ‘मोकळी’ दृश्यं हेच काम करतात. ती काढा, म्हणजे पहिल्या पाळीनंतरचा ‘तोलनी बिया’ हा विधी धाडकन येईल. आधी तिला मुलांबरोबर झाडावर चढताना पोटभर पाहिलंय, म्हणून मेखला-सादोर नेसून बसलेली धुनू काळजाला लागते. संकलनाचा राष्ट्रीय पुरस्कार उगाच नाही मिळाला.

बूमकाठी
मल्लिका दास यांना याच चित्रपटाच्या जागेवरच्या ध्वनिमुद्रणासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तेही धरा. उघड्यावर वारा थेट माइकवर आदळतो, म्हणून त्याला केसाळ आवरण लागतं. शिवाय प्रत्येक जागी अर्धा मिनिट नुसती शांतता मुद्रित करावी लागते, नाहीतर दृश्य बदलताना मागचा आवाज तुटतो. ऋतूंची जोडणी कानालाही पटावी लागते.

रिळवेडा
जोडाचा मुद्दा मान्य, दहा मिनिटं मागे घेतो. चित्रपटातल्या पुराबद्दल मात्र माझी तक्रार आहे: त्यात पिकाचं काय जातं ते कळत नाही. आसामात जून-जुलैत आहू भात कापणीला येतं आणि त्याच सुमारास शाली या पुढच्या भाताची लावणी सुरू होते. तेव्हा पाणी चढलं तर हातचं पीक जातं आणि पुढच्याची रोपंही कुजतात. बाहेरच्या प्रेक्षकाला नुसतं बुडालेलं शेत दिसतं. धुनूच्या आईच्या तोंडी एक वाक्य पुरलं असतं.

कात्री
आई धुनूला पोहायला शिकवते. धुनूचे वडील पुरात गेलेत. त्या घरात पाण्याबद्दल वेगळं वाक्य कोण बोलेल?

रिळवेडा
माणसांचं नुकसान त्यात येतं, भाताचं येत नाही. आई शेतावर जगते, म्हणून मला तेही हवं होतं.