नोट नाशिकरोडला छापतात, मग आमच्या द्राक्षांचे पैसे कुणी अडवले?

पॅकहाऊसवाली, दिंडोरी

माझे बाबा नाशिकरोडच्या करन्सी नोट प्रेसमध्ये एकतीस वर्षं होते. आमचं घर जेलरोडला. ही प्रेस १९२८ सालची. लहानपणी मला वाटायचं, देशाचा पैसा म्हणजे बाबांच्या पाळीत तयार होणारी वस्तू. जाताना झडती, येताना झडती, आणि एका कागदाचा हिशेब लागला नाही तर कुणीही घरी जायचं नाही. बाबा आजही नवी नोट हातात आली की आकडा नंतर बघतात, आधी उजेडात धरून छपाई बघतात. सरकार म्हणजे काय हे मला नागरिकशास्त्राच्या पुस्तकाआधी त्या गेटवर कळलं.

मी स्वतः दिंडोरीजवळच्या एका पॅकहाऊसमध्ये निर्यातीची कागदपत्रं बघते. औषधाच्या अंशाचा रेसिड्यू रिपोर्ट, मालात रोगकीड नसल्याचा फायटो दाखला, जहाजावर माल चढल्याचं बिल ऑफ लेडिंग आणि शेवटी बँकेचा पाठपुरावा.

२०२२ च्या फेब्रुवारीत आमचे दोन कंटेनर न्हावा शेवाहून रशियाला निघाले. माल समुद्रात असतानाच रशिया-युक्रेन युद्ध सुरू झालं. १२ मार्चला युरोपीय संघाने सात रशियन बँका स्विफ्ट या बँकांच्या निरोपांच्या जाळ्यातून बाहेर काढल्या. आमच्या ग्राहकाची बँक त्या सातांत नव्हती. भारताने रशियावर कसलेही निर्बंध घातलेले नव्हते. रशियाला द्राक्षं हवी होती. माल पोचला, उतरला, विकलाही गेला. ग्राहक सहा वर्षांचा जुना. त्याने खात्यात पैसे असल्याचा फोटो पाठवला, पैसे भरल्याची पावती पाठवली, आणि नऊ दिवसांनी तेच पैसे त्याच्याकडे परत गेले. पुन्हा भरले, पुन्हा परत.

मी आमच्या बँकेत जाऊन बसायचे. तिथले साहेब चांगले होते, पण त्यांचं उत्तर एकच: "मॅडम, आमच्याकडून काही अडलेलं नाही, वरून क्लिअर होत नाहीये." वरून म्हणजे कुठून? मुंबई? दिल्ली? ते कुणीच सांगेना. लेखी नकारसुद्धा कुणी देईना.

इकडे अकरा शेतकऱ्यांचा माल होता त्या कंटेनरमध्ये. एप्रिलच्या खरड छाटणीला मजूर लावायचे, शेणखत टाकायचं, सगळ्याला रोख लागते. एक आजोबा रोज सकाळी पॅकहाऊसच्या पायरीवर येऊन बसायचे. भांडायचे नाहीत, काही विचारायचेही नाहीत. मी गाडी लावली की माझ्या तोंडाकडे बघायचे आणि समजून उठायचे. ते मला अजून विसरता येत नाही. पैसे शेवटी ऑगस्टमध्ये दुबईमार्गे दिरहममध्ये आले, तीन तुकड्यांत.

त्याच आजोबांनी एकदा दुसरा प्रश्न विचारला होता. युरोपच्या मालाला औषधाच्या अंशाची कायदेशीर मर्यादा असते, ती युरोपीय संघ ठरवतो. पण जर्मनीतल्या काही सुपरमार्केट साखळ्या म्हणतात, आम्हाला त्याच्याही एक तृतीयांशाच्या आत पाहिजे. आणि शेती नीट पद्धतीने केल्याचं ग्लोबलगॅपचं सर्टिफिकेट तर पाहिजेच. ते कुठल्याही सरकारचं नाही, १९९७ मध्ये युरोपातल्या दुकानदारांनीच एकत्र येऊन ते सुरू केलं. म्हणजे कायद्याने पास झालेला माल दुकानाच्या नियमात नापास होतो. आजोबा म्हणाले, "ताई, हा कायदा कोणच्या सरकारचा?" मला उत्तर देता आलं नाही.

तर माझा प्रश्न: दोन्ही सरकारं राजी, घेणारा राजी, देणारा राजी, मग "नाही" म्हणालं कोण? देशांच्या हातातली सत्ता खरंच बँका आणि कंपन्यांकडे गेली आहे का, की ती आधीपासून तिथेच होती आणि आम्हाला आत्ता दिसली? कृपया पक्षाच्या राजकारणावर जाऊ नका, ते इतर धाग्यांवर भरपूर चालू आहे.

उन्हाळकांदा, निफाड

ताई, सरकारची सत्ता गेली म्हणता, मग ८ डिसेंबर २०२३ ला लासलगावला यायला हवं होतं तुम्ही. एक अधिसूचना निघाली आणि कांद्याची निर्यात बंद. सकाळी ट्रॅक्टर भरून निघालेला माणूस दुपारपर्यंत अर्ध्या किमतीचा माल घेऊन उभा. त्याआधी ऑगस्टमध्ये ४० टक्के निर्यात शुल्क लावलं, तेव्हाही लिलाव बंद पडले होते. बंदी उठली ४ मे २०२४ ला, आणि शुल्क पूर्ण जायला १ एप्रिल २०२५ उजाडला. बंदी आली तेव्हा माझा लाल कांदा शेतात तयार होता. तो चाळीत टिकत नाही, काढला की विकावाच लागतो. विकला.

त्यामुळे सरकारचा हात आखूड झालाय हे मला पटत नाही. आमच्या गळ्यापर्यंत तो बरोबर पोचतो. तुमच्या त्या "वर"च्या माणसापर्यंत तो का पोचत नाही, हे मात्र मलाही कळून घ्यायचंय.

परकीय चलन विभाग (निवृत्त)

मी बँकेत याच टेबलावर नोकरी काढली, म्हणून ताईंच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर देऊ शकतो.

तुमचं बिल डॉलरमध्ये होतं ना? मग रशियातला डॉलर नाशिकला थेट येत नाही. रशियन बँकेचं एक खातं न्यूयॉर्कच्या बँकेत असतं, आपल्या बँकेचंही असतं. प्रत्यक्षात पैसे तिथेच एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जातात, इकडे फक्त नोंद होते. स्विफ्ट तर पैसे हलवतसुद्धा नाही, ती बेल्जियममधली एक सहकारी संस्था आहे आणि बँकांचे निरोप पोचवते. म्हणजे तुमची द्राक्षं अमेरिकेला कधीच गेली नाहीत, पण पैसे तिथून जाणार होते.

आता बँका यादीत नसलेल्यालाही का अडवतात? २०१४ मध्ये बीएनपी पारिबा या फ्रेंच बँकेला अमेरिकेने जवळजवळ ९ अब्ज डॉलर दंड केला. सुदान, इराण, क्यूबा यांचे व्यवहार डॉलरमध्ये केले म्हणून. बँक फ्रान्सची, पण डॉलर न्यूयॉर्कमधून गेले आणि तेवढं पुरलं. त्यानंतर जगातल्या प्रत्येक बँकेत कम्प्लायन्सचं, म्हणजे नियम पाळले जातात का ते बघणारं, खातं वाढलं. तुमच्या दोन कंटेनरवर बँकेला कमिशन किती मिळणार? काही हजार. आणि चूक झाली तर? कुठलाही अधिकारी सही करणार नाही. मीही केली नसती, हे तुम्हाला खरं सांगतो. लेखी नकार मिळाला नाही, कारण नकार द्यायला कुणी बसलेलंच नव्हतं. प्रत्येक टेबलावर माणूस फक्त पुढच्या टेबलाला घाबरत होता.

म्हणून मी सत्ता बँकांकडे गेली असं म्हणणार नाही. एका सरकारने आपली सत्ता बँकांच्या वाटेने जगभर पसरवली. बाकीच्या सरकारांकडे तशी वाट नाही.

पॅकहाऊसवाली, दिंडोरी

काका, इतक्या वर्षांत हे मला कुणीच असं सांगितलं नव्हतं. आजोबांना काय सांगायचं ते आता कळलं. पण एक खटकतं. अमेरिकेचंच सगळं चालतं म्हटलं तर दुकानदारांच्या एक तृतीयांशाचं काय? तिथे तर कुठलंच सरकार नाही. आणि पॅरिसचं काय? आपल्या संसदेने २०१२ मध्ये मागील तारखेपासून कर लावणारा कायदा केला. केर्न एनर्जी ही ब्रिटिश तेल कंपनी त्याविरुद्ध आंतरराष्ट्रीय लवादात गेली, डिसेंबर २०२० मध्ये १.२ अब्ज डॉलर जिंकली, आणि २०२१ च्या जून-जुलैत पॅरिसमधल्या भारत सरकारच्या मालमत्तांवर तिथल्या कोर्टाचा जप्तीचा आदेश आणला. ऑगस्टमध्ये संसदेने तो कर मागे घेतला. कर योग्य होता की अयोग्य, तो वेगळा विषय. पण निफाडच्या दादांना अधिसूचनेवर असा आदेश कुठल्या कोर्टातून आणता आला असता?

सर्व्हरवाला, अंबड

मी अंबड आणि सातपूरच्या कारखान्यांची मेल आणि सर्व्हरची कामं बघतो. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाने नायरा एनर्जीवर निर्बंध घातले. रिफायनरी गुजरातमध्ये वाडिनारला, जवळपास निम्मी मालकी रशियाच्या रोसनेफ्ट या तेल कंपनीची. भारताच्या कायद्याने कंपनीत काहीच गैर नव्हतं. तरी काही दिवसांत मायक्रोसॉफ्टने त्यांची मेल आणि टीम्स बंद केलं. नायरा दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि महिना संपायच्या आत सेवा परत सुरू झाली. पण तोवर आपल्या देशातली एवढी मोठी रिफायनरी स्वतःचेच जुने मेल उघडू शकत नव्हती, पैसे भरलेले असूनसुद्धा.

त्या आठवड्यात माझ्या तीन ग्राहकांनी एकच प्रश्न विचारला: "आपली मेल कुठे असते रे?" मी दहा वर्षं त्यांना ते समजावून सांगत होतो, तेव्हा कुणी ऐकलं नव्हतं. दोघांच्या मेलची प्रत आता रोज रात्री अंबडमधल्याच मशीनवर उतरते.

पण नळ आपल्या जमिनीत असेल तर आपणही बंद करू शकतो. पेमेंटचा डेटा भारतातच ठेवा, हा रिझर्व्ह बँकेचा २०१८ चा नियम. तो पाळला नाही म्हणून जुलै २०२१ पासून जवळजवळ वर्षभर मास्टरकार्डला नवीन ग्राहक घेता आले नाहीत. यूपीआयसुद्धा आपली. तरी त्यात खाच आहे. यूपीआयचे पाचातले जवळपास चार व्यवहार फक्त दोन अ‍ॅपवरून होतात, एक वॉलमार्टच्या मालकीचं आणि दुसरं गूगलचं. एका अ‍ॅपला ३० टक्क्यांची मर्यादा घालायचं २०२० मध्ये ठरलं. ती मुदत पुढे ढकलत २०२६ च्या अखेरीपर्यंत नेली आहे. रस्ता आपण बांधला, पण गाड्या दोघांच्याच.

त्रिरश्मी

पॅकहाऊसवाली ताईंच्या बाबांसाठी एक गोष्ट. १९०६ साली गोदाकाठच्या जोगलटेंभीला तेरा हजारांहून जास्त चांदीची नाणी सापडली. नाणी क्षत्रप नहपान या शक राजाची. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने त्याला हरवलं आणि यातल्या बहुतेक नाण्यांवर स्वतःचा शिक्का पुन्हा मारला. नाणं हातात धरलं तर नव्या शिक्क्याखाली नहपानाचा चेहरा अर्धवट दिसतो. ज्याचा शिक्का त्याचं राज्य, हे बाबांना वेगळं सांगायला नको.

आता पांडवलेणीच्या दहाव्या लेण्यात जा. नहपानाचा जावई उषवदात याने तिथे लिहून ठेवलंय की भिक्षूंच्या वस्त्रांसाठी आणि इतर खर्चासाठी त्याने ३००० कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, कायम ठेव म्हणून ठेवले. कुठे? राजाच्या खजिन्यात नाही. नाशिकजवळच्या गोवर्धनच्या कोष्ट्यांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे. २००० वर दरमहा शेकडा एक व्याज, १००० वर पाऊण. मुद्दल परत मागायचं नाही, आणि हे सगळं निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, वाचून नोंदवलेलं. राजाच्या जावयालाही आपल्या सासऱ्याच्या राज्यापेक्षा कोष्ट्यांचं दुकान जास्त दिवस चालेल असं वाटलं असणार. मी शाळेच्या सहली घेऊन तिथे कितीदा गेलो असेन, पण त्या ओळींचा हा अर्थ मला हा धागा वाचताना लागला.

म्हणून "आधीपासूनच होती का" याला माझं उत्तर हो असं आहे. फरक एवढाच की गोवर्धनचे कोष्टी गोवर्धनला राहायचे. त्यांनी व्याज दिलं नाही तर निगमसभा समोर होती. आज ज्याच्याकडे ठेव आहे, त्याची सभा कुठे भरते?

पॅकहाऊसवाली, दिंडोरी

सर, बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी ते नाणं कुठे बघायला मिळेल हे विचारलंय, आणि रविवारी लेण्यांवर घेऊन चल म्हणतात. गुडघे दुखतात, पण जाणार म्हणतात.

काका, एक कामाचं विचारते. ग्राहक अजून माल मागतोय. ऑक्टोबर छाटणी झाली की करार करावे लागतील. रुपयात पैसे घ्यायची सोय आहे म्हणतात, ती खरी आहे का?

परकीय चलन विभाग (निवृत्त)

आहे. ११ जुलै २०२२ चं रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक शोधा. रशियन बँकेचं रुपयातलं खास व्होस्ट्रो खातं भारतीय बँकेत असेल, तर पैसे त्या खात्यातून तुम्हाला येतात, न्यूयॉर्कला जावं लागत नाही. आधी ग्राहकाला विचारा की त्याच्या बँकेचं असं खातं इथे कुठल्या बँकेत आहे. मग बिल रुपयात करा, करारातही रुपयाच लिहा. आणि पहिला कंटेनर भरायच्या आधी छोटी रक्कम आगाऊ मागवून बघा. ती आली तरच बाग तोडायला सांगा.